चार नंबरचा बेडूक

वार्षिक परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे घरी आले, पंख्याखाली बसून मी पहिला पेपर उघडला आणि तेवढ्यात आईचा फोन आला.

"रंजे, चार नंबरचा बेडूक वर येत नाय गो. काय करू?"

मी लाल पेन खाली ठेवलं. शेजारणीने हे ऐकलं असतं तर म्हातारीला ऊन लागलं असं समजून ती कांदा फोडून घेऊन आली असती. पण आमच्या घरात हा प्रश्न अगदी सरळ आहे. आई पोलादपूरजवळ कापड्याला राहते. तिच्या अंगणात हिरवळ आहे, ज्याला सगळे लॉन म्हणतात, आणि त्या हिरवळीत सहा फवारे पुरलेले आहेत. मोटर सुरू केली की पाण्याच्या जोराने ते मातीतून डोकं वर काढतात, गोल फिरत पाणी उडवतात आणि मोटर बंद झाली की पुन्हा मातीत गडप होतात. आईने पहिल्याच दिवशी त्यांना बेडूक म्हटलं, आणि तेच नाव कायम झालं.

"मोटर बघितलीस?"

"बघितली. मारतेय पानी."

"जाळी?"

"सकाळीच धुतली."

"मग त्याचं टोपण काढून बघ ना."

"माझी नजर नाय पोचत तितं. तू कवा येशील?"

म्हणजे फोन बेडकासाठी होता की माझ्यासाठी, हे तिचं तिलाच ठाऊक. सुनेला हाक मारली असती तरी काम झालं असतं. मी "उद्या येते" म्हटलं आणि पुन्हा पेपर ओढला. पण लक्ष लागेना. पडद्याबाहेर महाडची दुपार पसरली होती, रस्त्यावर एक कुल्फीवाला घंटी वाजवत गेला, आणि माझ्या नाकात एकदम पाईप चिकटवायच्या सोल्युशनचा उग्र वास आला. घरात तसलं काही नव्हतं. तो वास काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्याचा होता.

आमच्या महाडचं आणि पाण्याचं नातं जरा विचित्रच. श्रावणात सावित्री नदी कधी बाजारात शिरेल याचा नेम नाही, म्हणून दुकानदार माल वरच्या फळ्यांवर चढवून बसलेले असतात. आणि चैत्रात तीच सावित्री दगडगोट्यांमधून अंग चोरून जाते, पुलावरून पाहिली तर ओळख देत नाही. त्या उन्हाळ्यात मी दर शनिवारी शाळा सुटली की डेपोतून पोलादपूरची एसटी पकडायची आणि पुढे सहा सीटांत आठ माणसं कोंबलेल्या रिक्षातून कापडे गाठायची. मांडीवर पेपरांची पिशवी, पायाशी हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले पाईपचे तुकडे. रिक्षावाला एकदा म्हणाला, "बाई, तुमी शाळेत शिकवता का नळ बसवता?" मी म्हटलं, दोन्ही.

हे सगळं माझ्या धाकट्या भावामुळे. सुनील मस्कतला एका मोठ्या हॉटेलच्या बागेवर कामाला होता. लग्नापुरता आला आणि परत तिकडे गेला, बाबा गेले तेव्हाही तिकडेच. वाळूच्या देशात त्याने परक्या लोकांसाठी गवत हिरवं ठेवलं आणि इकडे त्याची बायको सुरेखा अंगणवाडी सांभाळत, सासूबरोबर शेत बघत राहिली. गल्फहून माणूस आला की त्याची बॅग उघडणं हा आमच्या गावात एक सोहळाच असतो. शेजारपाजारचे जमतात, साबणाच्या वड्या निघतात, अत्तरं निघतात, बॅटऱ्या, ब्लँकेटं. त्या खेपेला सुनीलने बॅग उघडली आणि टॉवेलात गुंडाळलेल्या सहा काळ्या नळकांड्या बाहेर काढल्या.

आईने एक हातात घेऊन उलटीपालटी केली. "ह्ये काय रे? नळाच्या तोट्या?"

"फवारे आहेत, आये. मी आता परत जानार नाय."

या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध, ते कोणालाच कळलं नाही. अत्तराच्या आशेने आलेल्या बायका हळूहळू उठल्या. सुरेखाने मात्र दुसरं वाक्य नीट ऐकलं होतं. तिने रिकामी बॅग उचलली आणि माळ्यावर अशी भिरकावली की वरचे पितळेचे हंडे वाजले.

सुनीलच्या डोक्यात योजना पक्की होती. घाटाच्या वाटेवर रिसॉर्टं झाली आहेत, मुंबईकरांचे बंगले झाले आहेत. सगळ्यांना लॉन हवं आणि मे महिन्यात सगळ्यांचं लॉन वाळतं. ते राखायचं काम आपण घ्यायचं. पण लोक तोंडी बोलण्यावर काम देत नाहीत, काहीतरी दाखवावं लागतं. म्हणून घरापुढेच नमुना करायचा. एका रिसॉर्टचे मालक वैशाखात बघायला येतो म्हणाले होते. त्यांना पसंत पडलं तर सुनील इथे राहणार. नाहीतर मस्कतच्या साहेबाचे फोन चालूच होते, त्याला वैशाखअखेर हो किंवा नाही सांगायचं होतं. सगळं त्या गवतावर होतं. आपल्या माणसाचं घरी राहणं गवताच्या रंगावर ठरावं याचा मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो.

पहिली अडचण आईची. घरासमोरची जागा चांगली होती, पण तिच्या बरोबर मधोमध आईचा राब होता. भाताची रोपं जिथे वाढवायची तो जमिनीचा तुकडा म्हणजे राब. उन्हाळ्यात त्यावर शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या तोडलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा, पेंढा आणि वर बारीक मातीचा थर. मग वाऱ्याच्या उलट्या अंगाने काडी लावायची, म्हणजे आग धावत सुटत नाही, सावकाश धुमसत जाते. तण जळतं, माती भुसभुशीत होते, राखेचं खत होतं. आई त्या घरात आली तेव्हापासून राब तिथेच. वर्षानुवर्षांच्या राखेने तिथली माती काळी आणि इतकी मऊ झाली आहे की तीत बोटं घातली तर पार मुळापर्यंत रुततात.

"राब हलायचा नाय," आई म्हणाली. "दोन्ही अंगाला काय करायचं त्ये कर."

म्हणून लॉन दोन तुकड्यांत झालं. घराकडचा तुकडा मोठा, त्यात एक, दोन, तीन नंबरचे बेडूक. रस्त्याकडचा तुकडा लहान, त्यात चार, पाच, सहा. आणि मध्ये राब. विहीर घराच्या बाजूला, त्यामुळे पुढच्या तिघांचं पाणी राबाखालून न्यावं लागलं. तिथे थोडं खणलं की कातळ लागतो. सुनीलने कातळावरच पाईप टेकवला आणि माती ओढली. दिवाळीनंतर गवत लावलं, शिमग्यापर्यंत ते असं भरलं की रस्त्याने जाणारे थांबून बघायचे, आणि एक बकरी तर रोज यायची.

आईला मात्र ते पटलं नव्हतं. पहिल्यांदा सहाही फवारे उडाले तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या आणि ती पडवीत पाठ करून बसली. "खायाला गुरं नाय, कापून पेंढा नाय, आनि गवताला पानी पाजतोस. पावसाचं काम तू कशापायी करतोस?"

तिचं माहेर कुडपणचं. वर पठारावर. लहानपणी सुट्टीत मामाकडे गेलो की मला आणि सुनीलला झऱ्यावर बसवायचे. दगडाच्या खोबणीत पाणी झिरपून जमायचं, ते करवंटीने कळशीत भरायचं, की पुन्हा जमेपर्यंत बसायचं. आमच्या मागे बायका रांगेत बसलेल्या, कोणाला घाई नाही, कोणी मध्ये शिरत नाही. त्या थंड खोबणीत करवंटी घासल्याचा आवाज मला अजून येतो. तांदूळ धुतलेलं पाणी भोपळ्याच्या वेलाला जायचं, हात धुतलेलं तुळशीला. आईचं बालपण सगळं त्या कळशीत गेलेलं. तिच्या डोळ्यांदेखत कोणी पाणी हवेत उडवावं आणि तिने कौतुक करावं, ही अपेक्षाच चूक होती. कापड्याच्या विहिरीला चैत्रातही पाणी टिकतं हे तिला कळत होतं. पण कळलेलं सगळं अंगात उतरत नाही.

त्या वर्षीचा राब भाजला तेव्हा मी तिथे होते. सुनीलने स्वतः डोंगरातून फांद्यांचे भारे आणले. इतक्या वर्षांनी हे काम करतोय म्हणून तो खुशीत होता. आईने थर रचले, पदर खोचला, बोट ओलं करून वारा पाहिला आणि सांगितलं, "लाव." काडी सुनीलनेच ओढली. धूर जमिनीलगत सरकत गेला. शेण, ओला पाला आणि तापल्या मातीचा मिळून एक वास येतो, तो ज्याच्या लहानपणात आहे त्याला दुसरं अत्तर लागत नाही. आम्ही तिघं पडवीत बसून बघत राहिलो. सुनील म्हणाला, "तिकडे सगळं होतं ताई, हा वास नव्हता." राब दुसऱ्या दिवशीही आतून धुमसत होता.

आता वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. आमच्या मात्र आलं नाही.

पुढच्या आठवड्यात चार, पाच आणि सहा नंबर रुसले. मोटर लावली की त्यांच्या डोक्यावर पाणी नुसतं पाझरायचं, पण वर उठायचे नाहीत. सुनील म्हणाला व्होल्टेज. उन्हाळ्यात आमच्याकडे बल्बसुद्धा आजारी असल्यासारखा जळतो, तेव्हा ते खरं वाटलं. पण पहाटे चांगली वीज असतानाही तेच. मग तो शोधायला लागला. त्याची एक रीत होती. "पाण्याच्या मागनं चालायचं, ताई. जिथनं निघतं तिथनं सुरू करायचं, उडी मारायची नाय." तो विहिरीत उतरला, पाईपच्या तळाचा फूटवॉल्व पाहिला. मोटर हवा पकडते का ते पाहिलं. जाळी उघडली, तीत फणसाचा पाला आणि एक मेलेली गोगलगाय होती. वॉल्व उघडला, पुन्हा बसवला. मग एकेक बेडूक काढून, तोंडाने फुंकून, बादलीत धुऊन परत लावला. मी शाळेत चूक शोधते, तिच्यावर गोल करते आणि तिथे माझं काम संपतं. त्याचं काम तिथे सुरू व्हायचं. मी मागे पाना धरून उभी असायचे आणि माझ्या तेवीस वर्षांच्या नोकरीबद्दल नको ते विचार करायचे.

पाईप कुठे फुटला असेल म्हणून तो पहाटे अनवाणी लाईनवरून चालला. ओल लागली तर तळपायाला कळते. कुठेच ओल नाही. रस्त्याकडचं गवत आधी निस्तेज झालं, मग पिवळं, मग पायाखाली कुरकुरायला लागलं. आणि मालकांचा फोन आला की ते पुढच्या सोमवारी येतायत. सुरेखा त्या दिवसांत भाकरी थापताना मध्येच थांबायची आणि माळ्याकडे बघायची. मी पाहिलं की पुन्हा थापायला लागायची.

सुटका केली ती फेण्यांनी. आईने पडवीच्या कडेला बाजेवर तांदळाच्या फेण्या वाळत घातल्या होत्या. सुनीलने संध्याकाळी मोटर लावली आणि एक नंबरच्या बेडकाने सगळ्या फेण्या भिजवल्या.

आई कडाडली. "दिवाळीपास्नं हितंच वाळवन घालतेय. कदी थेंब नाय आला. आज कशाला आला?"

सुनील बाजेकडे आणि एक नंबरकडे आलटून पालटून बघायला लागला. खरंच की! एक नंबरचं पाणी आजवर बाजेपर्यंत पोचलंच नव्हतं. व्होल्टेज कमी असतं तर तोही मरगळला असता. उलट त्याच्यात जोर वाढला होता. म्हणजे पुढे जायचं पाणी कुठेतरी अडत होतं आणि मागच्या तिघांना जास्तीचं मिळत होतं. पाईप फुटला नव्हता, तुंबला होता.

शाळेला सुट्टी लागल्यामुळे मी तिथेच होते. गुरुवारी सकाळी त्याने तीन नंबरपाशी खणलं. पाईप भरलेला, धडधाकट. चार नंबरपाशी खणलं, पाईप जवळजवळ कोरडा. उरला कोणता भाग? राबाखालचा. तो कुदळ टेकून उभा राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे, आणि दोघांनी मिळून त्या काळ्या तुकड्याकडे. आगीखाली पाईप! आम्हाला कपाळाला हात लावायचीही लाज वाटली.

पण तो राब खणेना. भाजलेल्या राबात कोणी पाय घालत नाही. पेरणी होईपर्यंत ती राख जशीच्या तशी राहिली पाहिजे. लहानपणी आमचा चेंडू राबात गेला की तो पेरणीपर्यंत तिथेच राहायचा, कोंबडी शिरली तरी आई काठी घेऊन धावायची. सुनील पुन्हा चार नंबरपाशी गेला आणि तिथेच उगाच खणत बसला. मग तीन नंबरपाशी आला. मुळं गेली असतील, म्हणाला. वळणावरचा एल्बो बसला असेल. दुपार झाली, त्याची पाठ घामाने काळी पडली, आणि खड्डे वाढत गेले, सगळे चुकीच्या जागी.

आई पडवीतून बघत होती. तिला पाईपातलं काही कळत नव्हतं, पण पोरगा कुठे खणायचं टाळतोय हे कळायला पाईपातलं कळावं लागत नाही. ती उठली. पदर खोचला. त्याच्या हातातली कुदळ घेतली.

"सरक."

"आये, राब हाय तो."

"म्हायत हाय. मीच भाजलाय. राब परत भाजता येतो रे."

आणि तिने स्वतःच्या राबात कुदळ मारली. राख उडाली, तिच्या पांढऱ्या केसांवर बसली. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. त्या 'परत भाजता येतो'च्या पुढचं, पोराबद्दलचं वाक्य तिने गिळलं होतं आणि ते सुरेखासकट आम्हा तिघांनाही ऐकू आलं होतं.

फार खणावं लागलं नाही. चार बोटं माती सारली आणि पाईप दिसला. हातभर लांबीत तो आगीने मऊ होऊन, मातीच्या वजनाने बसून पार चपटा झाला होता. भेगही नाही, भोकही नाही. पाणी जोराने जाईल एवढी फट मात्र उरली नव्हती. सुनील त्याच्याजवळ मटकन बसला आणि हसायलाच लागला.

"मस्कतमध्ये कोणी जमीन जाळत नाय गं ताई. माझ्या डोक्यातच नाय आलं."

"आनि आमच्यात जमिनीत पाईप कोन पुरतो?" आई म्हणाली. "माझ्या तरी कुठनं येनार?"

मला त्या क्षणी दोघं अगदी सारखी दिसली. दोघंही आपल्या कामात पक्की, दोघांनीही आपापल्या रीतीने सगळं बरोबर केलेलं. एकाने घातलेला पाईप दुसरीने भाजला, आणि काडीसुद्धा ज्याचा पाईप त्यानेच ओढली. कोणाला दोष द्यायचा? मी एरवी यात पटाईत आहे, पण लाल पेनाला तिथे जागाच नव्हती.

मग जोडणी. चपटा तुकडा कापून काढला. कडा फडक्याने पुसल्या. सोल्युशनची बाटली उघडली आणि तो उग्र वास राखेच्या वासात मिसळला. "आये, धर हे. हलवू नको." आई मातीत मांडी घालून बसली आणि दोन्ही हातांनी पाईप असा धरला, जणू तापलेलं मूलच मांडीवर घेतलंय. सुनीलने सोडायला सांगितलं तरी सोडेना. "अजून ऱ्हाऊ दे थोडं," म्हणाली.

मोटर सुरू झाली. आम्ही सगळे रस्त्याकडे तोंड करून उभे. पाईपातून हवा खोकली, आणि मग चार नंबरने डोकं वर काढलं.

"उटला! गो रंजे, उटला!" आई ओरडली. पाठोपाठ पाच, सहा. तिने हातातली माती झाडायच्या आधी टाळ्या वाजवल्या. पावसाचं काम आपण कशाला करायचं, हा मुद्दा त्या दिवसापासून घरात निघाला नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण दुसऱ्या दिवशी मी उठले तर सुनील पहार घेऊन कातळ फोडत होता. तो सगळी लाईन काढून राबाला वळसा घालून नेणार होता, बांधाच्या कडेने, आणि दोन तुकड्यांना दोन वेगळे वॉल्व बसवणार होता. चार एल्बो जास्त, म्हणजे पाण्याचा जोर थोडा कमी. वर मालक येणार सोमवारी. मी म्हटलं, "अरे, आत्ता कशाला? ते येऊन जाऊ देत." तो म्हणाला, "पुढल्या वर्षी आये परत राब भाजेल ना."

आईचं मात्र वेगळंच चाललं होतं. तिने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की राबावर गवताच्या लाद्या टाक, मालकांना मधला काळा डाग दिसायला नको. रोपं मी कुडपणहून भावाकडनं आणीन. आईने राब सोडायची तयारी दाखवली, आणि तीही आपणहून. सुनीलने मान हलवली. "नको. हाय ते हाय."

सोमवारी गाडी आली. मालक गृहस्थ चांगले होते. बूट काढून गवतावर चालले, वाकून हाताने चाचपलं, फवारे सुरू करायला लावले, लहान मुलासारखे भिजले. सुरेखा दाराआड कोकम सरबताचा ट्रे घेऊन उभी होती. मग ते काळ्या तुकड्यापाशी आले. "अरेरे, हे जळलं कसं?"

"म्हातारपनी माझ्याच हातनं..." आईने सुरुवात केली. धादांत खोटं ती कधी बोलत नाही, तेव्हा तिला जमतही नव्हतं.

सुनील मध्ये पडला. "जळलं नाय साहेब, भाजलंय. आईचा राब आहे तो. त्यात भाताची रोपं होतात." मग त्याने त्यांना सगळं सांगितलं, थर कसे, वारा कसा बघायचा. ते कौतुकाने ऐकत होते. त्यांनी लॉनचा फोटो काढलाच नाही, राबाचा काढला. सरबत प्यायले, "कळवतो" म्हणाले आणि गेले. त्या एका शब्दावर आमच्या घराने कितीतरी संध्याकाळी काढल्या.

महिना संपता संपता मेसेज आला. त्यांनी प्लास्टिकचं गवत घालायचं ठरवलं होतं. पाणी नको, कापणं नको, बारमाही हिरवं. सुनीलने तो मेसेज मला वाचून दाखवला आणि हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "प्लास्टिकला पाणी पाजायला माणूस लागत नाय, ताई." त्याने आणखी दोन-चार बंगल्यांवर विचारलं. कोणी म्हणालं पुढच्या वर्षी बघू. आई बरेच दिवस म्हणत राहिली की त्या काळ्या डागाने काम घालवलं. आम्ही कितीही समजावलं तरी तिच्या मनातून ते गेलं नाही.

मस्कतच्या साहेबाला सुनीलने हो सांगितलं. बॅग माळ्यावरून खाली आली. ती सुरेखानेच काढली, ओल्या फडक्याने पुसली, आणि या वेळी हंडे वाजू दिले नाहीत.

जाण्याआधी त्याने फवारे कोणाला शिकवावेत यावर बोलणं निघालं तेव्हा आई म्हणाली, "मला दाव." मग तो तिला घेऊन विहिरीपासून निघाला. मोटर, जाळी, वॉल्व, बेडूक. पाण्याच्या मागनं चालायचं. ती त्याच्या मागोमाग, पदर डोक्यावर घेऊन, दर ठिकाणी थांबून हात लावून बघत. मी पडवीतून पाहत होते. तो निघाला तेव्हा राबात रोपं वीतभर झाली होती. लॉनच्या दोन हिरव्या तुकड्यांमध्ये ती उभी होती आणि त्यांच्या रंगापुढे लॉन फिकं दिसत होतं. सुनील रिक्षात बसेपर्यंत त्या रोपांकडेच बघत होता.

त्यानंतर तो रजेवर येतो तो पावसाळ्यात. लावणी असते, मग गणपती असतात. त्या दिवसांत फवाऱ्यांना काम नसतं, ते मातीत झोपलेले असतात. स्वतः लावलेले फवारे त्याने पुन्हा उडताना पाहिलेलेच नाहीत.

काल ठरल्याप्रमाणे मी कापड्याला गेले. सुरेखा अंगणवाडीत होती. मी चार नंबरचं टोपण फिरवून काढलं. आतल्या बारीक जाळीत काळं काहीतरी चिकटलं होतं. बोटावर घेतलं, राख होती. यंदाच्या राबाची राख वाऱ्याने उडून त्याच्या फटीत बसली होती. आईने ब्लाऊजला टोचलेली सुई काढून दिली. मी भोक मोकळं केलं, बादलीत खळबळवून परत बसवलं. मोटर लावली. चार नंबर वर आला, एकदा खोकला आणि फिरायला लागला. आईने हात जोडले, कोणाला ते कळलं नाही.

आम्ही पडवीत बसलो. ऊन उतरत होतं. मध्ये काळा राब, दोन्ही बाजूंना हिरवं, आणि बांधाच्या कडेने वळसा घालून गेलेली ती लाईन, आता कोणाला दिसतही नाही. मी पेपरांची पिशवी उघडली, पण बराच वेळ ती नुसती मांडीवरच राहिली. शेवटी विचारलंच. "आये, बघायला कोण येत नाय. गुरं नायत. तुझे गुडघे दुखतात. कशाला एवढा खटाटोप करतेस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू शिक्षिका मी नाही, ती आहे.

"तो तिकडं परक्याच्या अंगनातलं गवत भिजवतोय गो," ती म्हणाली. "हितं त्याच्या अंगनातलं सुकू द्यायचं काय?"

चार नंबर फिरत होता, दर फेरीला त्याचं पाणी राबाच्या कडेपर्यंत येत होतं आणि राखेला न लागता परत फिरत होतं. थोड्या वेळाने आई म्हणाली, "बास झालं त्याला, आता घराकडचा सोड." मी पिशवी बाजूला ठेवली आणि दुसरा वॉल्व उघडायला उठले.